काही नाही हो, असंच वेळ जायला केलंय

हातच्या कामाचं कुणी कौतुक केलं की हे वाक्य आपोआप तोंडातून निघतं. मी तर वर "यूट्यूबवर बघून केलंय" अशी पुस्तीही जोडायचे. क्रोशाने विणलेला अननसाच्या नक्षीचा टीपॉयचा रुमाल, 20 नंबरचा पांढरा दोरा. एका ओळीत खांब, म्हणजे उभे टाके, जास्त झाले की कडेला झालर पडते, कमी झाले की रुमाल वाटीसारखा वळतो. रात्री जागून उसवायचं, पुन्हा विणायचं. आणि म्हणे वेळ जायला!

खरं सांगायचं तर यात नम्रपणा थोडा, भीतीच जास्त. आपणच आधी कमी लेखलं की दुसऱ्याने नावं ठेवायचा प्रश्न मिटतो.

गंमत म्हणजे हातकाम मांडून ठेवणं आपल्याला नवं नाही. रुखवत म्हणजे दुसरं काय? सुपाऱ्यांची सप्तपदी, मोत्यांचे विडे, लोकरीची तोरणं, अख्खं वऱ्हाड बघून जातं. चैत्रगौरीची आरासही तीच. पण तिथे मान नवरीचा नाहीतर गौरीचा, करणारी मावशी मागे पंगतीत वाढत असते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ते नक्षीदार अडकित्ते आणि दिवे बघताना मला हेच वाटतं, कोणी घडवले असतील? आडोसा असला की आपण बिनधास्त मांडतो. स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून शेजारी उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा.

गेल्या गणपतीत सोसायटीत छंदप्रदर्शन होतं. नाव मीच दिलं, अगदी शेवटच्या दिवशी, आणि टेबल कोपऱ्यातलं मागून घेतलं. सोबत अर्धवट विणलेला रुमाल आणि सुई नेली, कारण नुसतं उभं राहून हातांचं करायचं काय, हा खरा प्रश्न होता. लाजऱ्या माणसांनो, एवढी एक गोष्ट माझी ऐका. विणताना मान खाली असते, कुणाकडे बघावं लागत नाही. आणि हात चालू दिसले की लोक आपणहून थांबतात. शाळकरी एक मुलगा बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "काकू, एकाच सुईवर हे सुटत कसं नाही?" त्याला साखळी दाखवली, मग मुका खांब, मग खांब. बोलतेय कोण, तर मी!

एका आजींनी मात्र आल्या आल्या रुमाल सरळ उलटा केला. मी श्वास रोखून. त्या मागची बाजू बोटांनी चाचपत होत्या, दोऱ्याचं टोक कुठे लपवलंय ते शोधत. "सापडत नाही गं," म्हणाल्या. बाकी दिवसभर "अगदी रेडीमेड वाटतं हो" हीच दाद होती. खरा क्रोशा अजूनही हातानेच विणावा लागतो, पण आपल्याकडे सर्वोच्च कौतुक हेच, काय करणार.

"केवढ्याला देणार?" हा प्रश्न येणारच. ज्यांना विकायचंय त्यांनी जरूर विकावं आणि दोऱ्याबरोबर रात्रींचेही पैसे लावावेत. पण छंद दिसला की त्याचा धंदा करायची ही घाई मला कळत नाही. "बघायला ठेवलंय" एवढं उत्तर पुरतं.

आयोजकांना एक विनंती, कृपा करून पहिला-दुसरा नंबर काढू नका. स्पर्धा म्हटली की बुजरी माणसं घरीच बसतात. शिवाय क्रोशाचा रुमाल आणि काड्यापेटीतल्या काड्यांचं जहाज, यात तुम्ही नंबर लावणार कसा? "हात लावू नये" ही पाटीही नको, हाताळायला एक जुना तुकडा ठेवला की झालं.

यंदा मी दोन टेबलं सांगून ठेवली आहेत. दुसरं आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांसाठी, जे तांब्याच्या तारेची झाडं करतात आणि पाहुणे आले की कपाटात लपवतात. काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. चादर, टाचण्या, नावाची चिठ्ठी सगळं माझ्याकडे आहे. झाडं घेऊन खाली या. आणि हो, येताना तार आणि पक्कडही आणा.