साडूचं कोटेशन

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी लागते. तिच्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तळाशी असतं: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने याच ठिकाणी घेण्यात येईल.' आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) म्हणजे दोन-तृतीयांश सभासद किंवा वीस, यातलं जे कमी ते. तहकूब सभेला तेवढीही लागत नाही. म्हणून जाणते सभासद दहाच्या सभेला साडेदहाला, समोसे यायच्या बेताने खाली उतरतात.

मग येतो रंगकामाचा विषय. कोटेशनं तीन. सगळ्यात स्वस्त कोटेशनात परांची वेगळी, भेगा भरणं वेगळं आणि प्रायमरचा पत्ताच नाही. कुणी तोंड उघडलंच तर सेक्रेटरी म्हणतात, "अहो, पार्टी ओळखीची आहे." ओळखीची म्हणजे त्यांच्या सख्ख्या साडूची!

माझं साडूशी काही वाकडं नाही. रंगही तो बरा देत असेल. पण पदाधिकाऱ्याने सोसायटीच्या कंत्राटात आडूनसुद्धा हितसंबंध ठेवायचा नसतो, आणि स्वतःचा विषय निघाला की समितीच्या बैठकीत थांबायचं नसतं. सर्वसाधारण सभेतही हीच रीत बरी. नातं सांगायचं ते पाकिटं फोडायच्या आधी, विचारलेल्याची उत्तरं द्यायची आणि सरळ बाहेर जायचं. "मी मत देत नाही, नुसता बसतो" हे अजिबात चालू देऊ नये. नुसता बसलेला सेक्रेटरी सगळ्यांकडे बघत असतो, आणि ज्याचा पार्किंगचा अर्ज त्याच्या फायलीत पडलाय त्याचा हात आपोआप वर जातो.

"सगळ्यांना मंजूर ना?" याला मतदान म्हणत नाहीत. ठराव वाचा, सूचक-अनुमोदकांची नावं घ्या, मग बाजूचे, विरोधातले आणि तटस्थ हात वेगवेगळे मोजा. संयुक्त मालकीच्या फ्लॅटला मत एकच. तिथे नवराबायको दोघंही हात वर करतात, तेही पुष्कळदा एकमेकांविरुद्ध. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव काकूंचं असेल आणि काकू समोर बसल्या असतील, तर काकांनी हात खाली घ्यावा. अध्यक्षांचं निर्णायक मत समसमान झाल्यावरच. सुरुवातीलाच "माझं तर स्पष्ट मत आहे" म्हणायला नाही.

इतिवृत्तात 'सर्वानुमते' ठोकून देऊ नये. बाजूने 14, विरोधात 6, तटस्थ 1, हितसंबंधामुळे बाहेर 1, असं लिहावं. तेवढ्यात बाहेरचे 1 दार ढकलून विचारतात, "झालं का?" पुढचा विषय लिफ्टच्या देखभालीच्या कंत्राटाचा असतो, आणि आता खजिनदार चपला शोधायला लागतात.