श्रीरामपूर, पण ते नव्हे

पाळकाच्या बायकोला बदलीची बातमी देवाच्या नंतर कळते. आमच्या ह्यांना धर्मशास्त्राच्या पुढच्या अभ्यासाला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी आधी त्यावर प्रार्थना केली, मग चर्चच्या मुख्य पाळकांचा सल्ला घेतला, मग तरुण संघाच्या सेक्रेटरीच्या कानावर घातलं. सगळ्यात शेवटी, रात्री वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेताना मला म्हणाले, “अगं, देव आपल्याला श्रीरामपूरला बोलावतोय.”

“बोलावू दे की,” मी म्हटलं. “ठाण्याहून एसटी असेलच.”

सासूबाईंना तर भरूनच आलं. त्यांचं माहेर नेवासे तालुक्यातलं. श्रीरामपूर म्हणजे अगदी शेजारचं गाव, तिथल्या निम्म्या मंडळीशी त्यांचं कुठून ना कुठून नातं निघतं. भाचा दूध आणून देईल, बाजरी घरची मिळेल, असं त्यांचं सुरू झालं. ह्यांनी आम्हाला पापड संपेपर्यंत आनंदात राहू दिलं. मग म्हणाले, “ते श्रीरामपूर नव्हे. बंगालमधलं.”

हावड्याहून लोकलने पुढे, हुगळीच्या काठी. ठाण्यापासून जवळजवळ दोन हजार किलोमीटर.

ह्यांना सनावळ्यांचा भारी नाद. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यालाच आली, हे ते आजही लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे टेकून अनोळखी माणसाला सांगतात. “तुम्ही ख्रिस्ती म्हणजे गोव्याचे का हो?” असं सोसायटीत कुणी विचारलं की १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले होते, तेव्हापासून सुरुवात करतात. विचारणारा लिफ्ट सोडून जिन्याने जातो. बंगालच्या श्रीरामपूरने तर त्यांना खजिनाच दिला. १८०० साली विल्यम कॅरी हा इंग्रज मिशनरी तिथे आला, कारण गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि ईस्ट इंडिया कंपनीला तिथे हात लावता येत नव्हता. १८०५ साली तिथल्याच छापखान्यात त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं. १८१८ साली कॉलेज निघालं. “म्हणजे बघ, मराठी माणसाने तिथे जायला उशीरच केलाय,” हे म्हणाले. मी म्हटलं, “अजून थोडा चालला असता.”

हे तरुणांचे पाळक आहेत म्हणजे नेमकं काय करतात, ते बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. शनिवारी संध्याकाळी सभा असते आणि सभेनंतर आमच्याकडे पोह्यांचा डबा रिकामा होतो. मे महिन्यात शिबिर. नाताळात टेम्पोतून कॅरलची फेरी, चरईपासून मानपाड्यापर्यंत, प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनशी वाटाघाटी करत. बारावीच्या निकालाआधी प्रार्थना आणि निकालानंतर समुपदेशन. प्रेमप्रकरणं थेट आमच्या सोफ्यावर येतात. त्या सोफ्याची डावी बाजू रडण्याने बसली आहे. पगार या सगळ्याच्या मानाने फार आध्यात्मिक. म्हणून मी पतपेढीत नोकरी करते, आणि म्हणून आमच्या घरात विश्वास त्यांच्याकडे आणि यादी माझ्याकडे अशी वाटणी आहे.

सामान हलवणाऱ्यांचे दर मी फोनवरून काढले होते. कोलकाता म्हटलं की समोरचा एक लाखाच्या वरच बोलायचा. एके दिवशी मी कामावर असताना एक जण प्रत्यक्ष घरी येऊन सामान बघून गेला आणि ह्यांना म्हणाला, “बावीस हजार. पॅकिंग, गाडी, माणसं, सगळं धरून.” हे गहिवरले. मी संध्याकाळी विचारलं, “नीट ऐकलंत ना?” तर म्हणाले, “तू ना, प्रार्थना करतेस आणि उत्तर आलं की पावती मागतेस.”

त्या रविवारी उपासनेत त्यांनी साक्ष दिली. देव लाखाचे बावीस हजार कसे करतो, यावर. मागच्या बाकावरून खजिनदारांचं “हालेलूया” सगळ्यात मोठं होतं, कारण प्रवासखर्चाला हातभार मंडळी लावणार होती.

बुधवारी त्या माणसाचा फोन आला. “साहेब, पत्ता सांगून ठेवा. बेलापूर स्टेशनच्या कुठल्या बाजूला?”

“बेलापूर कशाला?” हे म्हणाले. “बेलापूरला तर तुमचं ऑफिस आहे.”

“माझं सीबीडीला हो. मी तुमच्या बेलापूरचं विचारतोय.”

“माझं कुठलं बेलापूर?”

हे बराच वेळ चाललं. मी फोन हातात घेतला आणि उलगडा झाला. नगरकडच्या श्रीरामपूरला रेल्वेने गेलं तर जे स्टेशन येतं त्याचं नाव बेलापूर. ह्यांनी त्याला नुसतं अभिमानाने “श्रीरामपूर” सांगितलं होतं. तो बिचारा दौंड-मनमाड मार्गावरचा दर देऊन बसला होता. बंगाल ऐकल्यावर त्याने थोडा वेळ काही म्हटलं नाही आणि मग जो आकडा सांगितला, तो बाकीच्यांपेक्षा जास्त होता.

आता दिलेली साक्ष परत कशी घ्यायची? उपासनेच्या क्रमात तशी सोय नाही. हे पुढच्या रविवारी निवेदनांच्या वेळी उभे राहिले आणि भगिनी मंडळाची सभा व सापडलेली छत्री यांच्या मध्ये, भरभर, “मागील आठवड्याच्या साक्षीतील रकमेत बदल झाला आहे” असं वाचून बसले. खजिनदारांनी मान खाली घातली. प्रार्थना करत असावेत.

दर सामानाच्या आकारमानावर होता, त्यामुळे घरात धर्मयुद्ध पेटलं. येशूने बारा शिष्यांना पाठवताना झोळीसुद्धा घेऊ नका म्हणून सांगितलं होतं, याची आठवण ह्यांनी मला करून दिली. ती आठवण करून देताना ते स्वतःची पुस्तकं खोक्यात भरत होते. बायबलमधल्या एकट्या रोमकरांस पत्रावर त्यांच्याकडे एक अख्खी फळी भाष्यं आहेत. मी म्हटलं, शिष्यांकडे झोळी नव्हती, तशी लायब्ररीही नव्हती.

नाताळच्या गव्हाणीचा डबा निघाला. त्यातला एक मागी, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या ज्ञानी लोकांतला एक, फार पूर्वी फुटला, तेव्हा शेजारच्या काकूंनी दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा दिला होता. तेव्हापासून आमच्याकडे बाळ येशूला सोनं, ऊद आणि ढाल-तलवार अर्पण होते. हे म्हणाले, याला काकूंकडे परत देऊ. धाकट्याने भोकाड पसरलं. मावळा बंगालला निघाला. (तिकडे मराठा घोडेस्वारांच्या नावाने अजून मुलांना झोपवतात म्हणे. जपून ठेवावा लागणार.)

खरा तिढा सासूबाईंच्या पाटा-वरवंट्याचा. लग्नात आलेला, काळा, मधोमध झिजून खोल झालेला. पाटा उचलायला दोन माणसं लागतात. “मिक्सर आहे की,” असं ह्यांनी म्हणून पाहिलं. “मिक्सरने चटणी होत नाही, मिक्सरने लगदा होतो,” असं उत्तर मिळालं आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्याच बाजूची होते. पण आकारमान, वजन, आकडा. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग एका सकाळी सासूबाई आपणहून म्हणाल्या, “द्या काकूंना पाटा. दगडच आहे शेवटी.” इतक्या सहज की मला शंका आली. ह्यांना आली नाही. त्यांनी तो प्रसंग निरोपाच्या प्रवचनासाठी टिपून ठेवला.

एका रात्री, सगळे झोपल्यावर, मी फोनवर या कॅरीसाहेबांबद्दल वाचत बसले. म्हटलं बघू तरी, ज्याच्यापायी माझा राजीनामा लिहून झालाय तो माणूस कसा होता. तर त्याला बायको होती. डॉरथी. तिने भारतात यायला चक्क नकार दिला होता. मग १७९३ साली, नुकतंच जन्मलेलं मूल हातात असताना, बहीण सोबत येत असेल तर येते, या अटीवर तयार झाली. पाच महिने जहाजात. पुढच्याच वर्षी इथे तिचा पाच वर्षांचा मुलगा गेला आणि तिच्या मनाचा तोल ढळला, तो परत सावरला नाही. ती तशीच श्रीरामपूरला आली. व्याकरण छापलं गेलं तेव्हा ती त्याच घरात एका खोलीत होती. १८०७ साली गेली.

मी ह्यांना उठवलं. “हे माहीत होतं तुम्हाला?”

“होतं,” डोळे चोळत म्हणाले.

“मग १८०५ सांगता, १८१८ सांगता. १८०७ कधी सांगितलं नाहीत ते?”

ते उठून बसले. बायबलमधला अब्राहाम पंचाहत्तराव्या वर्षी कुठे जायचं ते माहीत नसताना निघाला, हा त्यांचा हुकमी दाखला. तो आता काढतील असं वाटून मी तयारीत होते. त्याची बायको सारा तेव्हा पासष्टची होती आणि भांडी तिनेच बांधली असणार, हे माझं उत्तर ठरलेलं होतं. पण त्यांनी अब्राहामाला हात लावला नाही. “मुलांना सांगायच्या गोष्टीत ते बसत नाही म्हणून सोडत आलो,” एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी रोमकरांस पत्राची फळी मंडळीच्या ग्रंथालयात गेली आणि त्या जागेत माझं शिलाई मशीन बसलं. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत नेहमीचं “तुझ्या या सेवकाला सामर्थ्य दे” आलं नाही. त्याऐवजी थोरलीची बंगाली लिपीची धास्ती, आईचे गुडघे, धाकट्याचा इथेच राहणारा मित्र आणि हिला पतपेढीतून मिळायची ग्रॅच्युइटी, असं एकेक नाव घेऊन मागणं आलं. ग्रॅच्युइटीला मी एक डोळा उघडून पाहिलं. त्यांचे दोन्ही मिटलेले होते, म्हणजे मनापासून चाललं होतं.

पॅकिंगला तरुण संघ आला. पैसे वाचले, डोकं गेलं. खोक्यांवर एक-दोन-तीन लिहिण्यात काय मजा, म्हणून त्या पोरांनी पवित्र शास्त्रातल्या पुस्तकांची नावं क्रमाने घातली. उत्पत्तीत चादरी, निर्गममध्ये चपला. सगळ्यात लहान खोकं ओबद्या. विलापगीतात काचेची भांडी कुणी भरली ते नंतर कळणार होतंच. संध्याकाळी मी विचारलं, “किती झाली?” तर उत्तर आलं, “मलाखीपर्यंत, आंटी. जुना करार पूर्ण!” म्हणजे एकोणचाळीस. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कारण कुकर लेवीयमध्ये आहे की गणनेत हे कुणालाच आठवत नव्हतं आणि रात्रीचा भात व्हायचा होता.

ट्रकच्या कागदावर मी पिनकोड तीन ठिकाणी लिहून घेतला, ७१२२०१. सासूबाईंना तो स्तोत्रासारखा पाठ करायला लावला. शाळेचे दाखले, गॅस, डिपॉझिट याबद्दल लिहीत नाही. ज्याने घर बदललंय त्याला माहीत आहे आणि ज्याने नाही त्याची झोप का उडवा.

ट्रक गेला आणि दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ झाला. हा क्रम कोणी ठरवला ते विचारू नका. भगिनी मंडळाने काचेचा डिनर सेट दिला. तरुण संघाने भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुरुष मंडळानेही घड्याळ दिलं. शब्बाथ शाळेच्या मुलांनी स्वतः चिकटवलेला, दाराएवढा शुभेच्छांचा तक्ता दिला. ह्यांनी प्रवचनात आईचा पाटा काढला. सत्तरी ओलांडलेली बाई आयुष्यभराची वस्तू हसत सोडते, हाच खरा विश्वास, असं म्हटल्यावर बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सासूबाई पहिल्या बाकावर अतिशय नम्रपणे खाली बघत होत्या.

गीतांजली कल्याणहून पकडायची होती. भल्या पहाटे अर्धा तरुण संघ गिटार आणि ढोलकीसह फलाटावर हजर. गाडी थांबते थोडकी, आणि ह्यांनी निरोपाची प्रार्थना सुरू केली ती जगाच्या उत्पत्तीपासून. गाडी आत शिरली तरी ते अजून मंडळीच्या वडीलजनांपर्यंत आले नव्हते. “आमेन म्हण रे!” सासूबाई ओरडल्या, आणि पोरांनी एका आवाजात आमेन म्हणून आम्हाला, घड्याळांना आणि डिनर सेटला डब्यात लोटलं.

आत सगळं लावता लावता एक गोष्ट राहिली. सासूबाईंची वळकटी. जिमला जाणाऱ्या पोराने ती फलाटावर दोन्ही हातांनी, मान ताणून आणली होती, पण गाणं चालू असल्यामुळे बिचाऱ्याला काही बोलता आलं नव्हतं. ह्यांनी ती सीटखाली सरकवायला पाय लावला. हलली नाही. खाली बसून ओढली, तर चादरीच्या आत काहीतरी गडगडत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलं.

“आई,” हे दम घेत म्हणाले, “पाटा तर काकूंना दिला ना?”

“दिला की. पाटा कुठंही मिळेल. वरवंटा हाताला बसावा लागतो.”

“आणि मी काल सगळ्या मंडळीसमोर…”

“विश्वास ठेव,” सासूबाई पाय वर घेऊन खिडकीशी बसत म्हणाल्या, “आणि उचल.”