चामडं सैल होतं, टो-कॅप होत नाही : शिरोलीच्या वाचकाला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुम्ही दाखवलेली एक चूक खरोखर माझी आहे आणि ती लेखात आधी दुरुस्त करायची होती.

बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. सेफ्टी शूजवरच्या माझ्या लेखावर या दादांनी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून लिहिलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ फौंड्रीत मोल्डिंग (वाळूचे साचे करणं) आणि ओतकामावर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मी पीयू (पॉलियुरेथेन) सोलचं कौतुक केलं, पण ते बूट त्यांच्याकडे चार महिनेही टिकत नाहीत. स्टील टोमुळे, म्हणजे बुटाच्या पुढच्या टोकात बसवलेल्या पोलादी टो-कॅपमुळे, भावाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं. जड वस्तू पडली की ते स्टीलच वाकून बोटं कापतं, त्यापेक्षा साधे बूट बरे. आणि एवढा महाग बूट कामगाराने स्वतःच्या खिशातून घ्यायचा का?

सोलबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. माझी बावीस वर्षं भोसरीत गेली, आधी प्रेस शॉपमध्ये आणि नंतर स्टोअरला, आणि लेख मी त्याच नजरेने लिहिला. सिमेंटच्या फरशीवर आठ तास उभं राहणाऱ्याला पीयू हलका पडतो, गुडघ्याला बरा वाटतो. पण पीयूला उष्णता सोसत नाही. नॉकआऊटच्या, म्हणजे साचा फोडून जॉब बाहेर काढतात तिथल्या, गरम वाळूत आणि तुकड्यांवर तो मऊ पडणार, वितळणार. तिथे नायट्राइल रबरचा सोल हवा आणि बुटावर ‘एचआरओ’ ही अक्षरं हवीत. याचा अर्थ तो सोल ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकतो, एवढाच. लोखंडाचा रस ओतताना १३५० अंशांच्या आसपास किंवा वर असतो, तेव्हा थेंबांपासून वाचवायचं काम सोल करत नाही. ते वरचं चामडं आणि बुटाची घडण करते.

म्हणून ओतणाऱ्याने लेसचा बूट घालूच नये. लेस आणि जीभ यांच्या खाचेत थेंब अडकला, तर गाठ सोडेपर्यंत पाय भाजतो. घोट्याच्या वर जाणारा, बाजूला इलॅस्टिक असलेला, झटक्यात काढून फेकता येईल असा अस्सल चामड्याचा बूट हवा. जाळीचा किंवा रेक्झिनचा नको. पँट बुटाच्या वरून सोडायची, आत खोचायची नाही. फौंड्रीच्या बुटांसाठी आयएसओ २०३४९ हे वेगळं मानक आहे. हे सगळं मूळ लेखात असायला हवं होतं, आता घातलं आहे.

नखाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे दोष स्टीलचा नाही, मापाचा आहे.

आमच्याकडे एक ऑपरेटर बुटाची टाच दुमडून, चपलेसारखा फरफटत चालायचा. मी त्याला कितीदा तरी रागावलो. एकदा त्याला बाकावर बसवून मोजा काढायला लावला. अंगठ्याच्या सांध्यावर पट्टीने आखावी तशी आडवी लाल रेघ होती, आणि करंगळीला घट्टा. स्टोअरमध्ये आठ नंबर संपला होता म्हणून त्याला सात दिला होता, ‘वापरून सैल होईल’ असं सांगून. त्याचं निम्मं काम उकिडवं बसून, खालच्या बिनमधून जॉब उचलायचं. उकिडवं बसलं की पाय बोटांच्या मागे दुमडतो, आणि टो-कॅपची मागची कड नेमकी तिथेच रुतते. तो माणूस बेशिस्त नव्हता, त्याला दुखत होतं. त्याला रागावल्याचं मला आजही वाईट वाटतं.

चामडं सैल होतं, टो-कॅप आयुष्यात सैल होत नाही. लहानपणापासून अनवाणी आणि चपलेत वाढलेला पाय पुढून रुंद असतो. लांबीचा नंबर बरोबर आला तरी रुंदीत बूट आवळतो. बूट संध्याकाळी बघावा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. कामावरचेच जाड मोजे घालावेत. लेस किंवा इलॅस्टिक सैल असताना पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. मग बूट नीट घालून दहा वेळा उकिडवं बसावं. कड टोचली तर तो बूट परत, मग तो कितीही चांगल्या कंपनीचा असो. पायाची नखं सरळ आणि आखूड कापावीत. उतारावर किंवा शिडीवर पाय पुढे सरकतो, तेव्हा वाढलेलं नख कॅपवर आपटतं आणि काळं पडतं.

स्टील बोटं कापतं, हे मी प्रत्येक शॉपमध्ये ऐकलं आहे. आयएस १५२९८ या सेफ्टी शूजच्या भारतीय मानकाच्या भाग २ प्रमाणे टो-कॅपला २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यावर. त्यानंतरही ४२ नंबरच्या, म्हणजे आपल्या आठच्या बुटात आत १४ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. दाबाची चाचणी १५ किलोन्यूटनची, म्हणजे दीड टनाच्या आसपास. हे कॅप चेपून बसवणारं वजन साध्या बुटावर पडलं, तर आतल्या हाडांचा चुरा होईल. त्यामुळे ‘साधे बूट बरे’ हे मला अजिबात मान्य नाही, आणि भावालाही ते सांगू नका.

पण टो-कॅप फक्त बोटं झाकते. मोल्डिंग बॉक्स (साच्याची पेटी) हातातून सुटून पायाच्या वरच्या भागावर पडला तर ती कामाची नाही. त्यासाठी वरून पट्टी असलेला, मेटाटार्सल गार्डचा बूट मागा. आणि एकदा जोराचा मार बसला की वरून चेपलेला दिसो वा न दिसो, तो बूट बाद.

जिभेवरचा शिक्काही वाचा. भाग ३ चा बूट दिसायला तसाच, पण त्याची टो-कॅप १०० ज्यूलची. भाग ४ मध्ये कॅपची अटच नाही. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं.

पैशाबद्दल : कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ११४ मध्ये स्पष्ट होतं की कायद्याने द्यायच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सुरक्षेसाठी दिलेल्या गोष्टींचे पैसे कामगाराकडून घ्यायला मनाई आहे. ठेकेदाराकडचा माणूस असला तरी पाय तोच असतो. भावाने एकट्याने भांडू नये, चार-पाच जणांनी मिळून लेखी मागावं.

चार महिन्यांत बूट जाण्याचं एक कारण सोल. दुसरं, घामाने भिजलेला बूट दुसऱ्या दिवशी तसाच चढवणं. शिफ्ट संपली की आतला सोल बाहेर काढायचा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे रोज. भट्टीजवळ मात्र सुकवायचे नाहीत, चामडं तडकतं. दोन जोड आलटून-पालटून वापरले तर फार फरक पडतो. आणि नवा जोड घेताना शिक्क्यावरचं उत्पादनाचं वर्ष बघा. पीयू सोल गोदामात पडून राहिला तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो आणि काही वर्षांनी पायात घालताच भुगा होऊन सुटतो. मी असे जोड पोत्याने परत पाठवले आहेत.

आता एक कराल का? भावाच्या सध्याच्या बुटाची जीभ उलटून तिथला सगळा शिक्का मला लिहून पाठवा. सोबत कोऱ्या कागदावर त्याला उभं करून दोन्ही पावलांची पेन्सिलने बाहेरून रेघ काढा, आणि पुढचा सर्वांत रुंद भाग किती सेंटिमीटर भरतो तेही कळवा.