पाचचं नाणं आहे का हो?

कृष्णा उशाला असूनही आम्ही सांगलीकर प्यायचं पाणी गल्लीतल्या पाण्याच्या एटीएमवरून आणतो. पाचचं नाणं टाकलं की वीस लिटरचा जार भरतो. दहाचं टाकलं तर मशीन ते खाली थुंकतं. मशीनला काय बोलायचं? दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगूनसुद्धा आमचा भाजीवाला अजून 'हे चालत न्हाई ओ' म्हणून ते परत सरकवतो.

तेव्हा पाचच्या नाण्याचा शोध हा आमच्या घरचा मुख्य उद्योग. बँकेत मागायला गेलो, तर कॅशियरनं चष्म्यावरून बघितलं. "भरायची असली तर भरा. न्यायची म्हणता? पिशवीच न्या अख्खी." अख्खी पिशवी न्यायला मी काय देवस्थान आहे?

बायकोनं मग बिल पंचेचाळीसचं जमवायची कला साधली. पोहे, शेंगदाणे, एखादी काडेपेटी कमी-जास्त करून ती बरोब्बर पंचेचाळीसवर येते आणि पन्नासची नोट पुढे करते. दुकानदारही पोचलेला. "वैनी, सुट्टे न्हाईत," म्हणत दोन चॉकलेटं ठेवतो. फारच पाठ धरली तर गल्ल्याच्या तळातून पाचची नोट निघते, निम्मी कागदाची, निम्मी चिकटपट्टीची. एसटीचा कंडक्टर बरा, तो निदान तिकिटामागं 'बाकी ५' असं लिहून देतो. तेवढं मशीनमध्ये जात नाही.

त्यात आमची आई. १९२९ सालच्या आयर्विन पुलावरून रिक्षा निघाली की हात जोडते आणि कनवटीचं नाणं कृष्णामाईला वाहते. नेमकं पाचचंच! "अगं, वीस लिटर गेले," मी कळवळतो. "नदीला काय पाणी कमी हाय व्हय रं?" ती म्हणते. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

शेवटी डोक्यात उजेड पडला. गल्लीची सगळी नाणी जातात कुठं? मशीनच्या डब्यात! डबा रिकामा करायला येणाऱ्या पोराला मी सकाळी सकाळी गाठलं. तो नाण्यांच्या चळती लावत होता. शंभराची नोट पुढे केली.

"न्हाई जमायचं, काका. सगळी बुक हाईत."

"कुणाला?"

त्यानं हनुवटीनंच समोरचं किराणा दुकान दाखवलं. "शेट दर आठवड्याला नेतात. त्यांच्या घरी पण हेच पाणी लागतंय न्हवं."