मे, माइट आणि मेंटेनन्स

आमच्या सोसायटीत नोटीस इंग्रजीतच लागते. का, तर सगळ्यांना कळावी म्हणून. पाण्याची टाकी एका दुपारीत धुऊन होते. ती धुणार आहेत हे कळवणारं वाक्य मात्र बैठकांवर बैठका खातं.

घोळ घालतात ती चिमुरडी क्रियापदं. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. यांना 'एस' लागत नाही, पुढे 'टू' चालत नाही. मस्टला तर धड भूतकाळही नाही, तो 'हॅड टू'कडून उसना आणावा लागतो. वुड आणि शुड यांच्यातला 'एल' निदान घरचा, विल-शॅलकडून आलेला. कॅनच्या घरात 'एल' कुठला? कुडनं तो शेजाऱ्यांचं बघून काही शतकांपूर्वी लावून घेतला, आणि आता लिहायला लावतो पण उच्चारू देत नाही.

परवाचा विषय पार्किंगचा होता. मसुदा होता, 'व्हिजिटर्स मे नॉट पार्क हिअर.' तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "म्हणजे पाहुणे कदाचित गाडी लावणार नाहीत? हा वेधशाळेचा अंदाज आहे की नोटीस?" वकीलकाकांनी सांगितलं की 'मे नॉट' ही मनाईसुद्धा असते. काका म्हणाले, "असते की असू शकते?"

मग कुणीतरी 'मस्ट नॉट' सुचवलं. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना ते उद्धट वाटलं. खजिनदारांनी तोडगा काढला: मस्ट म्हणजेच हॅव टू, तेव्हा सौम्यपणे 'डोन्ट हॅव टू पार्क' लिहू. होकारात ही दोघं जुळी भावंडं वाटतात हे खरं, पण 'नॉट' आलं की वाटण्या होतात. 'मस्ट नॉट' म्हणजे बंदी, 'डोन्ट हॅव टू' म्हणजे सक्ती नाही. "गाडी इथेच लावा असा आमचा आग्रह नाही, पण लावलीत तर आनंदच आहे," असं आवतण गेटवर लागायचं थोडक्यात टळलं.

वकीलकाकांचा जीव शॅलवर. जॉन वॉलिस नावाच्या ऑक्सफर्डच्या गणिताच्या प्राध्यापकानं 1653 साली नियम घातला: 'आय'बरोबर शॅल म्हणजे साधा भविष्यकाळ, विल म्हणजे निर्धार, 'यू' आणि 'ही'बरोबर नेमकं उलट. यावर एक जुना विनोद आहे. बुडणारा परका माणूस ओरडतो, "आय विल ड्राउन! नोबडी शॅल सेव्ह मी!" आणि काठावरचे व्याकरणशुद्ध इंग्रज त्याच्या निर्धाराचा मान राखतात.

"कायद्यात मात्र शॅल म्हणजे बंधनकारक," वकीलकाका म्हणाले, आणि लगेच पुढे, "अर्थात कोर्ट कधी शॅलचा अर्थ मे धरतं आणि मेचा शॅल." या कटकटीला कंटाळून अमेरिकेनं 2007 साली आपल्या फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून शॅल हद्दपार केला. खजिनदारांचा चेहरा उतरला. "मग 'मेंटेनन्स शॅल बी पेड' याचा अर्थ काय?"

"ते कोर्टात गेल्यावर कळेल."

माझा भाचा लंडनला नोकरी करतो. तिथे साहेबानं 'यू माइट वाँट टू लुक ॲट धिस अगेन' असं लिहिलं की तो ताट सरकवून उठतो. माइट हे मेपेक्षाही मवाळ, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तो साहेब जितका तापलेला, तितकं त्याचं क्रियापद मऊ. मला यात नवल वाटलं नाही. "तुला वाटलं तर कर हो," असं आई म्हणाली की आम्हीही पळत सुटायचो.

अखेर 'नो पार्किंग' एवढंच एकमतानं मंजूर झालं. क्रियापदच नसल्यामुळे कुणाला हरकत घेता येईना. खजिनदारांनी हुश्श करत पुढचा मसुदा वाचला, "चिल्ड्रन शुड नॉट यूज द लिफ्ट अलोन."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खुर्ची पुढे ओढली. "शुड म्हणजे, आमचा सल्ला आहे?"