शून्याचं एक करू नका: जुन्या पीसीच्या एसएसडीबद्दल फिरणारा तो मेसेज

परवा रात्री साडेनऊला दाजींचा फोन आला. तासगावजवळच्या एका गावात त्यांचं ई-सेवेचं छोटं दुकान आहे. दाखले, पीक विम्याचे अर्ज, परीक्षांचे फॉर्म अशी कामं चालतात. दुकानातला डेस्कटॉप 2011 चा. चार वर्षांपूर्वी त्यात हार्ड डिस्कच्या जागी 240 जीबीची एसएसडी, म्हणजे चिप्सवर डेटा ठेवणारी डिस्क, टाकली आणि तो पळायला लागला. आता काही महिने पुन्हा रडतोय. "तो पाच उपायांचा मेसेज आलाय बघ. तिसऱ्यापर्यंत केलं सगळं. आता चौथा करू का?" चौथा उपाय म्हणजे सगळी डिस्क फॉरमॅट करणं. मी ओरडलेच, "दाजी, हात लावू नका!"

तुमच्याकडेही तो आला असेल. त्याचं म्हणणं असं: एसएसडी दोन वर्षांत झिजून स्लो होतेच; दर रविवारी डिफ्रॅग करा, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावा; ट्रिम 'चालू' करायला कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, डिसेबल-डिलीट-नोटिफाय या सेटिंगचा आकडा 1 करा; तरीही फरक नाही पडला तर शून्यं भरून दोनदा फुल फॉरमॅट मारा; आणि एवढं करूनही नाही जमलं तर जुन्या पीसीला एसएसडी मानवत नाही, नवा घ्या.

तिसऱ्यापासूनच सुरुवात करते, कारण तो सगळ्यात घातक आहे आणि लोक तो सगळ्यात सहज करतात. एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, झालं.

एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं. लिहिणं पानापानाने होतं, पण पुसताना शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. आता आपण फाइल डिलीट केली की विंडोज स्वतःच्या नोंदवहीत फक्त 'ही जागा मोकळी' असं लिहून ठेवतं. एसएसडीला त्याचा पत्ताच नसतो. ती बिचारी तो मेलेला डेटा जिवंत समजून एका ब्लॉकमधून दुसऱ्यात हलवत बसते, आणि नवीन काही लिहायचं म्हटलं की तिच्याकडे पुसून तयार ठेवलेली जागा नसते. ट्रिम म्हणजे विंडोजने एसएसडीला दिलेला निरोप: ही पानं आता नकोत, सवडीने पुसून ठेव. 2009 मध्ये आलेल्या विंडोज 7 पासून ही सोय आहे आणि ती मुळातच चालू असते.

आता त्या सेटिंगचं नाव नीट वाचा. डिसेबल-डिलीट-नोटिफाय, म्हणजे 'डिलीटची सूचना बंद ठेवा'. तिथे 0 असेल तर सूचना जाते, ट्रिम चालू. 1 केलं की सूचना बंद, ट्रिम बंद. गोंधळ कुठून झाला तेही मला कळतं. विंडोज 10 च्या काही आवृत्त्यांमध्ये हे सेटिंग तपासलं की शून्यापुढे 'डिसेबल्ड' असं दिसतं, आणि माणसाला वाटतं ट्रिमच बंद आहे. पण ते 'बंद ठेवणं' बंद असल्याचं सांगतंय! स्वतःचा गोंधळ झाला म्हणून तो 'रामबाण उपाय' म्हणून हजारोंना पाठवायचा? ज्या दुखण्यावर औषध म्हणून हे सांगितलंय, तेच दुखणं यातून होतं. आणि लगेच काही बिघडत नाही, हळूहळू बिघडतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

चौथा उपाय. फुल फॉरमॅटमध्ये विंडोज अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. म्हणजे डेटा जातो आणि एसएसडीवर एक पूर्ण लिखाण विनाकारण होतं. दोनदा केलं तर दोनदा. दाजींच्या सी ड्राइव्हवर दुकानाचा सगळा हिशेब होता आणि बॅकअप कुठेच नव्हता. यावर आणखी बोलण्याची माझी इच्छा नाही.

दर रविवारच्या डिफ्रॅगबद्दल मात्र एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. मायक्रोसॉफ्टमधल्या स्कॉट हॅन्सेलमन यांनी 2014 मध्ये विंडोजच्या स्टोरेजचं काम करणाऱ्या टीमलाच विचारून यावर सविस्तर लिहिलं होतं. सिस्टिम रिस्टोअर (पीसी आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) चालू असेल, तर विंडोज एसएसडीसुद्धा साधारण महिन्यातून एकदा खरोखर डिफ्रॅग करतं. तेव्हा 'एसएसडी कधीच डिफ्रॅग होत नाही' हे आपण ठासून सांगतो तेही पुरतं खरं नाही. पण ते विंडोज स्वतः, गरजेपुरतं करतं. आपण बाहेरचं सॉफ्टवेअर आणून दर आठवड्याला तो घाट घालायचं काहीच कारण नाही. एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, हलणारं हेड नाही. फाइलचे तुकडे एका ओळीत लावून हार्ड डिस्कसारखा वेग वाढत नाही.

दोन वर्षांत झिजते म्हणे! 'टेक रिपोर्ट' या वेबसाइटने 2013 ते 2015 अशी चाचणी केली होती. 240 ते 256 जीबीच्या सहा साध्या, बाजारातल्या एसएसडी मरेपर्यंत लिहीत राहिले. सहाही 700 टीबी लिखाणाच्या पुढे गेल्या, आणि शेवटची 2,400 टीबीपर्यंत टिकली. दाजींच्या दुकानात रोज 20 जीबी लिहिलं गेलं असं धरलं तरी वर्षाला 7.3 टीबी होतात. आजच्या स्वस्त एसएसडींची लिखाण सोसण्याची ताकद त्याहून कमी असते हे खरं, आणि एसएसडी चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, अचानक जाऊ शकतो हेही खरं, म्हणून बॅकअप हवाच. पण दोन वर्षांचा आकडा कुठून आणला?

जुन्या पीसीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. डिस्क मदरबोर्डला जिथे जोडतात त्या साटा पोर्टच्या पिढ्या असतात. जुन्या साटा 2 च्या पोर्टवर वेग सेकंदाला 270-280 एमबीच्या आसपास अडतो, साटा 3 वर 550 पर्यंत जातो. पण पीसी चपळ वाटतो तो छोट्या छोट्या फाइली झटपट उघडल्यामुळे, आणि त्यात जुन्या पोर्टवरची एसएसडीही हार्ड डिस्कला कितीतरी मागे टाकते.

मग दाजींच्या पीसीचं खरं दुखणं काय होतं? 240 जीबीपैकी जेमतेम 9 जीबी मोकळी. डाउनलोड्समध्ये तीन वर्षांचे लोकांच्या आधार कार्डांचे आणि दाखल्यांचे स्कॅन. ते काम झाल्यावर ठेवायलाच नको होते, हे मी दाजींना जरा कडकच सांगितलं. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, साटा मोड जुन्या पद्धतीचा आयडीई होता, एसएसडीला सोयीचा एएचसीआय नव्हता.

आधी हिशेब पेनड्राइव्हवर घेतला. 60 जीबी रिकामी केली, आकडा परत 0 केला, आणि 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'मध्ये जाऊन ऑप्टिमाइझ दाबलं. एसएसडी असेल तर ते बटण ट्रिमचा निरोप नव्याने पाठवतं. मग साटा मोड एएचसीआय केला. हा मोड बदलताना घाई करू नका. थेट बदललात तर निळा स्क्रीन येऊ शकतो. आधी विंडोजच्या एमएस-कॉन्फिग या टूलमध्ये सेफ बूट लावा, मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या आणि सेफ बूट काढून टाका. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टल-डिस्क-इन्फो या सॉफ्टवेअरमध्ये सीआरसी एररचा, म्हणजे डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर पहिल्यांदा साटा केबल बदला.

दाजींचं दुकान आता ठीक चाललंय. पण उपाय करून बघायच्या आधीच त्यांनी तो मेसेज तालुक्यातल्या केंद्रचालकांच्या ग्रुपवर टाकला होता. तुम्ही त्या ग्रुपवर असाल किंवा नसाल, तिसरा उपाय केला असेल तर आजच कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, तीच कमांड पुन्हा लिहा आणि शेवटी 1 च्या जागी 0 टाका.