मध नासत नाही, पण झाकण पडल्यावर

काल रात्री सुन्यानं कट्ट्यावर मधाची बाटली आणून ठेवली. खालचा निम्मा मध पांढरट, रवाळ झालेला. "साखर घातलीय. टाकून देतो."

"थंडीत मध गोठतोच रे," मी म्हटलं. मधातल्या ग्लुकोजचे खडे होतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली की परत पातळ.

लगेच पक्या सुरू झाला. "मध कधी नासतच नाही. इजिप्तमध्ये बघ..."

"नासत नाही कसा?" दादा उसळला. त्याचं आजोळ महाबळेश्वरकडचं, मामाच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. "पावसाळ्यात एकानं आग्या माशीचा मध दिला, पोळं पिळून काढलेला. झाकण फिरवलं तर फस्स करून फेस वर, आणि आंबूस वास."

"मग तो मधच नव्हता!"

मधच होता, पण कच्चा. इथे मला राहवेना. फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो. माश्या पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात, ते १८ टक्क्यांच्या आसपास आलं की पोळ्यातल्या त्या घरावर मेणाचं झाकण घालतात. असल्या मधात जंतूंना वापरायला पाणीच मिळत नाही. शिवाय तो आम्ल असतो, आणि माशीच्या एन्झाइममुळे त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं. झाकण पडायच्या आधीच पोळं पिळलं तर पाणी जास्त राहतं आणि यीस्ट मध आंबवतं. चांगला मधही उघडा ठेवला तर हवेतली ओल ओढतो.

पक्याच्या इजिप्तमध्येच बघा ना. अबू घुराबला न्युसेरे राजाच्या सूर्यमंदिरात इ.स.पू. २४०० च्या सुमारास कोरलेलं शिल्प आहे. एक माणूस पोळ्यांपुढे गुडघे टेकून बसलाय, पुढचे मध भांड्यात ओततायत, आणि एक जण भांड्याचं तोंड बंद करतोय. साडेचार हजार वर्षांपूर्वीसुद्धा!

"म्हणजे हा चांगलाय," सुन्या खूश. "पोरीला चाटवायलाच आणलाय."

पोरगी सात महिन्यांची. मी बाटली त्याच्या हातातून काढूनच घेतली. मधात जंतू वाढत नाहीत, पण बोट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू त्यात नुसते पडून राहू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष सोडतात. मधाचं बोट चाटवायची आपल्याकडची रीत जुनी आहे, ठाऊक आहे मला. तरी नाही म्हणजे नाही.

"आई ऐकायची नाही," सुन्या म्हणाला.

"चल, मी येतो सांगायला," दादा उठला.